एकमत

"छान झालाय प्रबंध. सही करून टाकतो," सर म्हणाले.

"हो, मीही करते," मॅडम म्हणाल्या.

ते ऐकून संशोधक मुलीला शंकाच आली. सर आणि मॅडम तिचे दोन मार्गदर्शक आणि एकमेकांचे नवरा-बायको. पाच वर्षांत दोघांचं एका स्वल्पविरामावरही जमलं नव्हतं. आज मात्र गोडीगुलाबी चालली होती, कारण फाटकाशी सामान भरलेली गाडी उभी होती. आठ दिवस सुट्टी! इकडे प्रबंध चारच्या आत जमा करायचा होता. जमा केल्याची पावती दाखवली तरच मुलीची नोकरी पक्की होणार होती.

दुसरी कोणी असती तर तिने चटकन पेन पुढे केलं असतं. पण हिने पाच वर्षं पेशींचं विभाजनच पाहिलं होतं. पेशी दुभंगण्याआधी गुणसूत्रांच्या प्रत्येक जुळ्या जोडीला दोन टोकांकडून दोर येऊन चिकटतात. दोन्हीकडून ओढ बसली, तरच पेशी म्हणते, पकड बरोबर आहे. दोन्ही दोर एकाच बाजूचे निघाले तर ओढ लागत नाही. मग पेशी ते सोडवते आणि पुन्हा बांधायला लावते. तोवर बाकीच्या सगळ्या जोड्या खोळंबून राहतात. एवढीशी पेशी, पण ढिल्या दोरावर काडीचा विश्वास ठेवत नाही.

सर गाडीत पाणी ठेवायला गेले, तशी मुलगी मॅडमच्या टेबलापाशी आली.

"मॅडम, सर म्हणत होते, तुमचे बदल काढून टाकले म्हणूनच चौथं प्रकरण वाचण्यासारखं झालं."

सर असं काहीही म्हणाले नव्हते.

"असं म्हणाले? आण इकडे!" मॅडमनी चष्मा चढवला.

दहा मिनिटांत सर परत आले आणि दोघंही प्रबंधावर तुटून पडले.

"अहो, हा तक्ता बघा! एका पेशीत सेहेचाळीस गुणसूत्रं, दुसरीत पंचेचाळीस. उरलेलं एक काय तुमच्या खिशात आहे?"

"तक्ते तू तपासलेस असं मला वाटलं!"

"आणि मला वाटलं, तुम्ही!"

मुलीने जीभ चावली. आकडा तिनेच चुकीचा टाइप केला होता, आणि तोही अचूक वाटणीच्या प्रकरणात. परीक्षकांनी हसत हसत प्रबंध परत पाठवला असता. तिने धावत जाऊन पान पुन्हा छापून आणलं.

पावणेचारला दोघांनी सह्या केल्या, एकमेकांकडे पाठ करून. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.