पलंगाचा पाय

“सही करा, ताई. ब्रेक ठीक आहेत.”

विमानाच्या तपासणीच्या वहीतही तसंच लिहिलं होतं, साहेबांच्या वळणदार अक्षरात : ब्रेक ठीक. त्याखालची मेकॅनिकच्या सहीची रेघ मात्र सकाळपासून रिकामी होती.

“डावा पायाखाली लोण्यासारखा जातोय,” मेकॅनिकताई म्हणाली. “उजवा त्याच्याच वळणावर चाललाय. मी सही करणार नाही.”

“तीन वाजता त्या शिकाऊ मुलीला पहिल्यांदा एकटीला विमान उडवायचंय. आईवडील बघायला येतायत. आणि मला सांगा, हवेत ब्रेक लागतो कशाला?”

“हवेत नाही लागत. पण ती परत येणार आहे ना?”

साहेबांनी एवढा विचार केलेला दिसला नाही. ते फ्लाइंग क्लबचे प्रमुख होते. विचार करायला त्यांनी समिती नेमली होती.

“बसा शेजारी,” ते म्हणाले. “धावपट्टीच्या तोंडापर्यंत नेऊन आणून दाखवतो. परत आलो की मुकाट्याने सही करायची. नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

ताई बसली. मांडीवर वही, वहीवर चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा. क्लबचे पिवळे ठोकळे नव्या फरशीवर शोभत नाहीत म्हणून साहेबांनी काढून टाकले होते. तेव्हा तिने घरच्या पलंगाचा एक पाय कापून आणला. तेव्हापासून तिचा नवरा जरा तिरका झोपतो.

“हे बाळ कशाला घेतलंत?”

“रडत नाही ते. चला तुम्ही.”

जाताना सगळं छान झालं, कारण जाताना चढ होता. येताना उतार लागला. साहेबांनी ब्रेक दाबले. मग जोरात दाबले. मग सीटवरून अर्धे उठून दाबले. मग हँडब्रेक ओढला. तोही ब्रेकच्याच तेलाच्या नळीवर होता, त्यामुळे त्यानेही घरच्यांचीच बाजू घेतली.

ताईने हात लांब करून लाल खुंटी ओढली. इंजिन बंद पडलं, पंखा थांबला. विमान तेवढं थांबलं नाही. जेवण झाल्यावर फिरायला निघालेल्या माणसाच्या चालीने ते उतरत राहिलं. डावीकडे पेट्रोलची टाकी, उजवीकडे उभी केलेली दोन विमानं. सरळ जाणंच त्यातल्या त्यात शहाणपणाचं होतं. सरळ साहेबांचं ऑफिस होतं, पुढची सगळी भिंत काचेची. आत कोणी नव्हतं, सगळे जेवायला गेले होते. होता फक्त साहेबांचा फोटो, सुरक्षिततेचं बक्षीस घेतानाचा.

“अगं उतर ना! ठोकळा लाव!” घाबरल्यावर साहेब अहो-जाहो विसरले.

“विमान चालत असताना कोणी उतरू नये. तुमचाच बोर्ड आहे, साहेब.”

“ताई!”

“आणि ब्रेक तर ठीक आहेत. लिहिलंय इथे.” तिने वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि कानावरचं पेन काढून दिलं. “सावकाश लिहा. अजून दोन खोल्यांएवढी जागा आहे.”

साहेबांनी खोडलं. लिहिलं. वळणदार अक्षर उतारावर जरा घसरलं, पण वाचता येत होतं : ब्रेक लागत नाहीत.

“तारीख?”

“तारीख काय, देवा!”

“वेळही घाला.”

घातली. ताईने वाचलं, खाली सही केली, वही बगलेत मारली, दार उघडून उतरली आणि विमानाच्या बरोबरीने चार पावलं चालून पलंगाचा पाय उजव्या चाकापुढे सारला. विमानाने उजवीकडे मान वाकडी केली आणि ते थांबलं. पंख्याच्या टोकात आणि काचेत एक वीत उरली होती.

साहेबांनी समोर बघितलं. समोरून फोटो त्यांच्याकडे बघत होता.

“उद्यापासून येऊ नका,” ते म्हणाले.

“बरं.”

“वही ठेवून जा.”

“वही मी त्या पोरीच्या आईवडिलांच्या हातात देणार आहे. तीनला येतायत ना ते?” ताई चाकाशी वाकली आणि ठोकळ्यावर हात ठेवला. “हा घरचा आहे. नेते. आज आमच्या ह्यांना सरळ झोपू दे.”

“अहो ताई, थांबा! एक मिनिट! आपण बोलू या—”

तिने ठोकळा ओढला. विमान बोटभर पुढे सरकलं. आत साहेबांनी, सवयीने, दोन्ही ब्रेक दाबले.