फोटोतलं कुंकू

सुमेधाच्या दोन बॅगा दाराशी उभ्या होत्या आणि हीथ्रोची टॅक्सी कुठल्याही क्षणी यायची होती. लंडनमधल्या हॅरोच्या त्या घरात चौघं बसले होते, पण कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

सुमेधाच्या नवऱ्याला, राजीवला, जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाला म्हणून सुमेधाचा मोठा भाऊ प्रज्ञेश पुण्याहून आला, तो बहिणीला न्यायचं ठरवूनच. “इथं आता कोण आहे तुझं?” तो पुन्हा म्हणाला.

“मी काय सोफा आहे?” सासूबाई सोफ्यावरूनच कडाडल्या. गिरिजाबाईंनी ऐंशी ओलांडली होती, पण जीभ कालच धार लावून आणल्यासारखी.

“तसं नाही हो, काकू...”

“न्या की! मी कुठं पदराला गाठ मारून ठेवलीय तिला? माझे हातपाय अजून चालतात.”

महिनाभर सासूबाईंचं सुमेधाला हेच चाललं होतं. जा बाई, जा माहेरी. एकदा, नुसतं एकदा ‘राहा’ म्हणाल्या असत्या तर? शाळेच्या किचनमधली तिची नोकरी इथं होती. लेक ईशिता इथं होती. राजीवच्या आठवणी काही बॅगेत भरून नेता येत नव्हत्या. पण दादासमोर तिचं तोंड उघडायचं नाही. वडील गेल्यापासून दादा ठरवायचा आणि ती मान हलवायची. लग्नसुद्धा तसंच झालं. नशीब, राजीव चांगला निघाला.

कोंडी फोडायला म्हणून ईशितानं लॅपटॉप उघडला. लायब्ररीत जुन्या हॅरोच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. काळेपांढरे फोटो कॉम्प्युटरवर रंगवायचं काम तिनं घेतलं होतं. पडद्यावर एकेक फोटो सरकू लागला. दूधवाल्याची गाडी. डोक्याला रुमाल बांधून बसची वाट बघणाऱ्या गोऱ्या बायका. खांद्यावर कोळशाचं पोतं घेतलेला माणूस. रंग चढल्यावर ती जुनी गल्ली कशी, दिवाळीला घासूनपुसून ठेवल्यासारखी दिसत होती.

“काय सुखाचे दिवस होते हो!” प्रज्ञेश भारावून म्हणाला.

“फोटोला थंडी वाजत नाही,” गिरिजाबाई म्हणाल्या. “बर्फ तुडवत परसातल्या संडासला गेला असतात, म्हणजे सुख कळलं असतं.”

मग घरचा फोटो आला. तरुण गिरिजाबाई दारात उभ्या. काठापदराची साडी, कडेवर तान्हा राजीव, कपाळावर ठसठशीत कुंकू. राजीवचे वडील तो लहान असतानाच इथं वारले. हा फोटो त्याच्या आधीचा, असं घरात सगळे धरून चालले होते. कपाळच सांगत होतं.

“आजी, साडी छान आला ना? ग्रीन?” ईशिता तिच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत म्हणाली. “फक्त तुझा टिकली ब्लॅक आलाय. मशीनला कळत नाही. मी रेड करते.”

“टिकली नाही गं, कुंकू,” सुमेधानं सवयीनं दुरुस्त केलं. “कर लाल.”

“हात लावू नकोस.”

गिरिजाबाईंचा आवाज असा आला, की ईशिताचं बोट वरच्या वर राहिलं.

“अहो आई, कुंकू काळं कसं असेल?”

“कुंकू नव्हतंच ते.”

बाहेर गाडी थांबली. हॉर्न वाजला. प्रज्ञेश उठला आणि त्यानं बॅगेला हात घातला. गिरिजाबाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या सुमेधाशी बोलत होत्या.

“बुटाचं पॉलिश आहे ते. तुझ्या सासऱ्याच्या बुटाचं. ते गेले, तशा ईलिंगहून ओळखीच्या बायका आल्या. माझं कपाळ पुसलं आणि कुंकवाचा करंडा उचलून घेऊन गेल्या. रीतच होती. आता कुंकू मागू कुणाकडं? आणि गावाकडं माझा भाऊ टपलेला. मी रांडमुंड झाल्याचं कळलं असतं, तर तिकीट पाठवून नेलं असतं नि जन्मभर वहिनीच्या चुलीपुढं बसवलं असतं. म्हणून फोटो काढला आणि धाडला. बघा, सगळं ठीक आहे. काळ्यापांढऱ्यात लाल काय नि काळं काय! साबणाच्या कारखान्यात माझी नोकरी पक्की झाली, मग कळवलं खरं काय ते. ओरडला खूप. ओरडू दिला.”

सुमेधा फोटोकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिला त्यात एक सुखी सवाष्ण दिसत होती. आता दिसली ती पोराला घट्ट आवळून उभी राहिलेली बाई.

“मग मला महिनाभर जा-जा का करत होतात?” तिचा आवाज कापला, पण चढला. “राहा म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?”

“मी म्हटलं असतं नि तू राहिली असतीस. म्हणजे काय, आज भावाचं ऐकलंस, उद्या सासूचं.” गिरिजाबाईंनी पदर सावरला. “माझ्या भावाला फसवल्याशिवाय मला सुटका नव्हती, बाई. तुझा तर समोर उभाय.”

हॉर्न पुन्हा वाजला.

“चल सुमे, उशीर होतोय,” प्रज्ञेश म्हणाला.

“दादा,” सुमेधा जागची न हलता म्हणाली, “तू एकटाच जा.”