नदीकडे तोंड केलेली फुलं

श्रीकांतने कात्रीने बांधणीचा पहिला पट्टा कापला, तशी प्लास्टिकची वेल कठड्यावरून सुटून गॅलरीत लोंबायला लागली. दुसरा पट्टा कापताना बोटाला तार लागली. त्याने बोट तोंडात धरलं, झटकलं आणि पुन्हा कात्री उचलली.

सुहासिनी दारात उभी होती. ती नवऱ्याला अडवत नव्हती. एकदा नदीकडे बघत होती, एकदा हातातल्या फोनकडे. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. चहा उतू गेला होता, आमटी खाली लागली होती. शनिवार असल्यामुळे श्रीकांत घरी होता, आणि तो घरी आहे याचीच जणू तिला धास्ती वाटत होती.

गार्डन रीचला नदीकाठच्या रेल्वे वसाहतीत त्यांचं क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर होतं. श्रीकांतची नागपूरहून इथे बदली झाली त्याला वर्ष होत आलं होतं. वसाहतीतल्या सगळ्या इमारती पिवळ्या, सगळ्या गॅलऱ्या एकसारख्या. त्यांतल्या एकीवर गेल्या महिन्यापासून राणी रंगाची बोगनवेल फुलली होती. खोटी. सुहासिनीने ती सियालदहच्या बाजारातून पिशव्या भरभरून आणली होती. आधी कठडा भरला, मग खांब, मग वरची कड. खालच्या मजल्यावरचे बंगाली गृहस्थ हसत हसत विचारून गेले, घरात लग्न निघालंय का. ऑफिसातही तेच.

पण श्रीकांतला सलत होतं ते वेगळंच. आजवर सुहासिनीने घरात प्लास्टिकचं एक पान येऊ दिलं नव्हतं. दर बदलीला ट्रकमध्ये आधी तिच्या कुंड्या चढायच्या, मग बाकीचं सामान. आणि आता हे. शिवाय सगळी फुलं बाहेर तोंड करून बांधलेली. आत खुर्चीत बसलं की दिसायच्या फक्त तारा, गाठी आणि पानांच्या पांढुरक्या पाठी. नदीवरून वारा आला की ती पानं चुरचुरत राहायची. त्या आवाजाने झोप उडते, असं तो म्हणायचा. खरं तर त्याची झोप आधीपासूनच उडालेली होती.

विहंग गेल्यापासून. त्यांच्या एकुलत्या एक मुलाने इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलं आणि जहाजावर जायचं ठरवलं, तेव्हा ते नागपूरला होते. श्रीकांतने आधी समजावलं, मग आवाज चढवला. शेवटी म्हणाला की जायचं तर जा, पण पुन्हा माझ्या दारात उभा राहू नकोस. विहंगने बॅग उचलली. त्यानंतर घरात त्याचं नाव निघालं नव्हतं. श्रीकांत काढत नव्हता, म्हणून सुहासिनीही काढत नव्हती. इथलं हे घर तर विहंगने कधी पाहिलेलंही नव्हतं.

अर्धा कठडा मोकळा झाला. श्रीकांतला धाप लागली होती.

“कुणासाठी चाललंय हे सगळं?” त्याने विचारलं. “आतून तर काहीच दिसत नाही.”

“आपल्यासाठी नाहीच ते,” सुहासिनी म्हणाली. “विहंगचं जहाज आज भरतीबरोबर नदीतून वर येतंय. खिदिरपूरच्या गोदीला.”

कात्री थांबली.

मग ती सांगत गेली. श्रीकांत ऑफिसात असताना विहंग तिला फोन करायचा. पावसाळ्यात एकदा त्याचं जहाज इथूनच गेलं होतं. तिने इमारतीची खूण सांगितली होती, मजला सांगितला होता. तो डेकवर उभा राहून शोधत राहिला आणि सगळ्या पिवळ्या भिंतींत आपली कुठली ते त्याला कळलंच नाही. जहाज पुढे निघून गेलं. खिदिरपूरच्या गोदीत माल उतरेपर्यंत तो होता, बसने येण्याइतका जवळ. ये म्हणून तिने विनवलं. तो म्हणाला, बाबांनी बोलावलेलं नाही. निदान लांबून तरी त्याला घर दिसावं, असं तिने तेव्हाच ठरवलं. खरी वेल फुलायला वर्ष गेलं असतं. तेवढा धीर तिला नव्हता.

मला का नाही सांगितलंस, हे श्रीकांतच्या ओठांवर आलं होतं.

नदीवर भोंगा वाजला. वळणावरून एक काळं, लांबलचक जहाज संथपणे पुढे आलं. सुहासिनी कठड्याशी धावली. श्रीकांत घाईघाईने आत जायला वळला, पण पाय वेलीत अडकला. ती सोडवायला म्हणून त्याने उचलून हातात घेतली आणि तसाच उभा राहिला. जहाज समोर आलं. डेकवर माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. त्यांतला विहंग कोणता ते त्याला कळेना. तो एकेकाकडे डोळे ताणून बघत राहिला.

फोन वाजला. सुहासिनीने पहिल्या रिंगलाच उचलला.

“हो, तेच,” ती म्हणाली. “तेच आपलं.”

मग ती ऐकत राहिली. तिचा चेहरा बदलला. तिने फोनवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, “तो दुर्बिणीतून बघतोय. विचारतोय, बाबा काय करतायत.”

श्रीकांतच्या एका हातात कात्री होती, दुसऱ्यात वेल. पायाशी कापलेले पट्टे पडले होते. त्याने कात्री खाली ठेवली. वेलीचं टोक उघड्या कठड्यावर टाकलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.

“वेल बांधतोय म्हणून सांग,” तो म्हणाला. “आणि बोट धक्क्याला लागली की जेवायला ये म्हणावं.”