व्यापाऱ्याची सही

"सही केली का त्यांनी?" दार उघडताच ऋतुजाने विचारलं.

"नाही," सुनीतीबाई चपला काढत म्हणाल्या. "उद्या बोलावलंय."

"आई, आज पाचवा दिवस! शुक्रवारी मुदत संपतेय."

नोटरी होण्यासाठीच्या अर्जावर पाच सह्या लागत होत्या: मॅजिस्ट्रेट, बँकेचे मॅनेजर, एक व्यापारी आणि परिसरातले दोन प्रतिष्ठित रहिवासी. सात वर्षं वकिली पूर्ण होताच ऋतुजाने पहिला अर्ज केला होता. व्यापाऱ्याची सही राहून गेली म्हणून तो परत आला. सरकारने पुन्हा अर्ज मागवेपर्यंत तीन वर्षं गेली. तिच्या बरोबरीचे दोघे तोवर नोटरी होऊन पाट्या लावून बसले होते.

वडील गेल्यापासून शनिवार पेठेतल्या त्या फ्लॅटमध्ये मायलेकी दोघीच. या वेळी व्यापाऱ्याचं काम सुनीतीबाईंनी स्वतःकडे घेतलं. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईंना रिकामा रकाना सहन होत नसे.

बुधवार पेठेत श्रीनिवास मोडकांचं पंखे आणि मिक्सरचं दुकान होतं. पहिल्या दिवशी मोडकांनी अर्ज अथपासून इतिपर्यंत वाचला आणि परत दिला.

"मी पंख्याची दोन वर्षांची हमी देतो, कारण तो मी उघडून पाहिलेला असतो. तुमच्या मुलीला मी ओळखत नाही."

"तिला घेऊन येते उद्या."

"नको. दहा मिनिटांपुरते सगळेच गुणी असतात. तुम्हीच सांगा, कशी आहे ती."

सुनीतीबाईंनी सांगायला सुरुवात केली. दुकान बंद व्हायची वेळ झाली तेव्हा ऋतुजा सांगण्यात अजून चौथीतच होती.

"अगं, दुसरा व्यापारी बघ ना," ऋतुजा वैतागून म्हणाली. "पुण्यात काय दुष्काळ पडलाय का व्यापाऱ्यांचा?"

"न वाचता सही करणारे पुष्कळ आहेत. हा माणूस वाचतो. मला याचीच सही हवी."

शुक्रवारी दुपारी तीन वाजता सुनीतीबाई कचेरीच्या फाटकापाशी रिक्षातून उतरल्या त्या कागद उंच धरूनच. तिसऱ्या रकान्यात टपोरी, सावकाश केलेली सही होती. अर्ज मुदतीत गेला. ऋतुजाने आईला तिथेच, फाटकापाशी घट्ट मिठी मारली.

मग वाट पाहणं सुरू झालं. त्या काळात घरचा मिक्सर तीनदा दुरुस्तीला गेला. मुलाखतीच्या दिवशी मोडकांचा फोन आला, तोही सुनीतीबाईंच्या मोबाइलवर. "घाबरू नको म्हणावं तिला. आणि विचारलं तेवढंच सांग म्हणावं."

ऋतुजाला आता शंका यायला लागली.

"त्यांना मुलगा आहे ना गं?"

"आहे. आमोद. खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत असतो. गुणी आहे."

"आई, तू लग्नाचं तर बघत नाहीयेस ना?"

सुनीतीबाई कोथिंबीर निवडत राहिल्या. "बघितलं तर काय बिघडलं?"

"मला न विचारता?"

"तुला विचारल्याशिवाय काही होणार नाही," त्या म्हणाल्या आणि देठं उचलून आत गेल्या.

अखेर नोटरीचं प्रमाणपत्र आलं. ऋतुजाने ते तीनदा वाचलं, मग आईला वाचायला लावलं, मग जिन्यात भेटेल त्याला दाखवलं. गोल शिक्का करून आणला, जाड रजिस्टर आणलं. सोमवारी कोर्टाजवळ तिचं टेबल लागलं. सुनीतीबाई मदतीला म्हणून आल्या आणि शेजारच्या खुर्चीत बसून पट्टीने रजिस्टरमध्ये रकाने आखू लागल्या.

अकराच्या सुमाराला मोडक आले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, सोबत पस्तिशीचा एक उंच तरुण.

"हा आमोद," मोडक म्हणाले.

ऋतुजाने शिक्का बाजूला ठेवला. पहिल्याच दिवशी, तेही इथे! तिने ठरवलं, एकदाच काय ते स्पष्ट बोलून टाकायचं.

"काका, तुमच्या सहीमुळे मी आज इथे आहे, हे विसरणार नाही. पण मला सध्या लग्न करायचं नाहीये."

"मलाही नाही," आमोद हसत म्हणाला. "माझं झालंय. मुलगी पहिलीत आहे."

"मी गिऱ्हाईक म्हणून आलोय," मोडकांनी खिशातून दोन घड्या घातलेले कागद काढले. एक पुढे सरकवला, दुसऱ्यावर हात ठेवला. "वाचून घ्या आधी. न वाचता शिक्का मारू नका."

ऋतुजाने वाचलं. ते प्रतिज्ञापत्र होतं. मी, श्रीनिवास मोडक, वय चौसष्ट, विधुर असून, विवाह नोंदणीसाठी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की...

"काका! तुम्ही लग्न करताय?" ती उठूनच उभी राहिली. "अभिनंदन! आणि मी वेड्यासारखी..."

मोडकांचे कान लाल झाले. आमोदला हसू आवरेना. मोडकांनी तिच्यासमोर सही केली आणि ऋतुजाने आयुष्यातला पहिला शिक्का उमटवला. काठोकाठ, स्वच्छ उमटला.

"आता वधूचा कागद," ती ऐटीत म्हणाली. "पण त्यांना इथे आणावं लागेल हं, काका. माणूस समोर असल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही. आणि ओळखीचा पुरावाही हवा."

मोडकांनी दुसऱ्या कागदावरचा हात उचलला.

सुनीतीबाईंनी पट्टी खाली ठेवली. पदर सारखा केला, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि मोडकांशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसून लेकीला म्हणाल्या, "आधार कार्ड दाखवू, की तोंडओळख चालेल?"