यल्लाप्पाची खुंटी

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाभळीखाली गेल्यावर शिदूमिस्त्रीनं यल्लाप्पानं ओळीसाठी ताणलेल्या दोरीची खुंटी गुपचूप बोटभर सरकवली.

नदीचा ढासळता काठ काँक्रीटच्या ब्लॉकांनी बांधायचा होता. पुलाकडून शिदू, घाटाकडून यल्लाप्पा. दोघांच्या ओळी मधोमध भेटायच्या आणि खाचेत खाच बसायची. शिदूची तीस वर्षं काठ बांधण्यात गेली, पण साहेब फोटो काढायचे ते कालपरवा आलेल्या यल्लाप्पाच्या ओळीचे. शिदूचा नुसता जळफळाट व्हायचा. होऊ दे एकदा त्याची फजिती!

चौथ्या दिवशी ओळी समोरासमोर आल्या. सगळ्यांदेखत शिदूनंच शेवटचा ब्लॉक उचलला आणि मधल्या जागेत टेकवला. तो अलगद खाचेत उतरला. शिदू बघतच राहिला.

“मधे माझी खुंटी हलली होती, मिस्त्री,” यल्लाप्पा म्हणाला. “मग तुमच्या ओळीवरनं दोरी ताणली आन् परत ठोकली. तुमची ओळ कधी चुकायची नाही, म्हटलं.”

साहेबांनी पहिल्यांदाच शिदूला फोटोसाठी बोलावलं. यल्लाप्पानं त्याला हाताला धरून मधे उभं केलं.

फोटोत सगळे हसतायत. शिदूमिस्त्रीची मान तेवढी खाली आहे.