रेघेच्या आत

“रेघेच्या पलीकडंच थांबा, आबा,” मंदाकिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या. मोठ्यानं बोलायची त्यांना सवयच नव्हती.

जोतीरामआबांनी खाली पाहिलं. दोन घरांच्या सामाईक अंगणात सकाळीच चुन्याची पांढरी रेघ पडली होती. मागं त्यांची नात छकुली पाटावर खडूनं हत्ती काढत बसली होती.

“मास्तरीणबाई, म्हंजी पोरींनी हादगा खेळायचाच न्हाय?”

“प्लेगला भिऊन सुरतेहून पळालेली माणसं रोज भिगवणवरनं एसटीनं जातायत. शाळा बंद ठेवलीय, ती काय उगाच? हातात हात धरून फेर धरायचे दिवस आहेत का हे?”

“हात न्हाय धरत. लांब लांब उभ्या ऱ्हात्याल. पर उन्हावाऱ्यात तरी ऱ्हाऊ द्या. माजी आजी सांगायची, पलेग आला की आमची माणसं घरं उघडी टाकून मेंढरासंगं माळावर जायची. जी दार लावून बसली, त्येंच्याच जांघंत गाठी आल्या.”

“तो काळ वेगळा होता. आता श्वासातनं पसरतोय. पेपरात आलंय.”

“पेपरवाल्याला कुठं मेंढरं राखायची हायत!” आबा हसले.

मंदाकिनीबाई हसल्या नाहीत. त्यांच्या अश्लेषाला नुकतंच नववं लागलं होतं. लग्नानंतर अकरा वर्षांनी, देवीला नवस बोलून झालेली लेक. त्या नवसापायी बाई दर नवरात्रात एक वेळच्या फलाहारावर राहत. घट बसला की नऊ दिवस पाट हलवायचा नाही, मागं केरसुणी लावायची नाही, वाळलेल्या माळाही उतरवायच्या नाहीत. रात्री देवीपुढं गूळ-फुटाण्यांची वाटी ठेवायची. सकाळी वाटी थोडी हलकी झालेली असे. बाई कुणाजवळ बोलत नसत, नुसतं कपाळ टेकत.

चौऱ्याण्णव सालचं हे नवरात्र त्यांनी दारं-खिडक्या लावूनच मांडलं होतं. अश्लेषाच्या गळ्यात कापराची पुडी होती आणि अंगण तिला बंद होतं.

ती खिडकीच्या फटीतून बघत राही. चार पोरी, दोघींच्या मधे हातभर अंतर, मधोमध हत्ती. गाणी संपली की छकुली मुद्दाम इकडं तोंड करून ओरडे, “अश्ले, खिरापत वळख! गोड का तिखट?”

“तिखट!” अश्लेषा आतून सांगे.

“चुकलं! आज बी चुकलं!”

चौथ्या माळेला दुपारी बाई पोथी वाचत होत्या. बाहेर एकदम गलका झाला. त्यांनी दार उघडलं, तर अश्लेषा फेरात होती. तिनं छकुलीचा हात घट्ट धरला होता आणि तोंडात घास होता.

बाईंनी तिला दंडाला धरून आत आणलं. कडुलिंबाच्या कढत पाण्यानं दोनदा अंघोळ घातली.

“आई, नुसती वाटली डाळ होती गं,” अश्लेषा रडत म्हणाली.

“जाऊ दे,” तिचे वडील वसंतमास्तर म्हणाले. “पोरच आहे ती.”

पाचव्या दिवशी सकाळी वाटी काठोकाठ होती. एक फुटाणा हललेला नव्हता. सहाव्या दिवशीही तेच.

“तुझ्यामुळं देवी रुसली,” त्या लेकीला जवळ घेऊन म्हणाल्या. “आता घट उठेपर्यंत हितंच बसायचं, हितंच झोपायचं. तिच्या पायाशी तुला काही व्हायचं नाही.”

घटाच्या पाटाला लागून गोधडी पसरली. खोलीत धुपाचा आणि वाळल्या माळांचा वास साचला होता.

“आई, पायाला लई खाजतंय.”

“लिंबाचं पाणी उग्र असतं बाळा. हात जोड.”

आठव्या माळेला अश्लेषा तापानं फणफणली.

मंदाकिनीबाई रेघेपाशी आल्या. त्यांचा चढलेला आवाज त्या दिवशी आळीनं पहिल्यांदा ऐकला. “तुमच्या छकुलीनं दिलं हे, आबा! मी हात जोडून सांगत होते!”

आबांनी छकुलीला हाक मारली. ती पेरू खात पळत आली. गुडघा तेवढा फुटलेला होता.

“हिला काय झालंय? बगा तुमीच.” मग आबा खालच्या आवाजात म्हणाले, “पोरीच्या जांघंत हात लावून बगितला का?”

बाईंनी बघितलं होतं. गाठ हाताला लागली होती.

आबा तसेच रेघ ओलांडून आत गेले. पोरीला गोधडीसकट उचलून त्यांनी कुणाच्या तरी जीपमध्ये ठेवलं. वसंतमास्तर उशाशी बसले. बारामतीच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. अश्लेषाच्या मुठीत आईचा पदर होता.

“बसा, मास्तरीणबाई. जावा लेकीसंगं.”

“घट उघडा टाकून?” बाईंनी हळूच मूठ सोडवली. “नवस तिचाच आहे, आबा. उद्या नववी माळ. परवा घट उठला की येतेच.”

जीप गेली. नवव्या माळेला बाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी आबा अंगणात आले. आज ते रेघेच्या पलीकडंच थांबले. त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं होतं.

“मास्तरांचा फोन आलता टेसनावर,” ते म्हणाले. “पोर गेली, मास्तरीणबाई.”

मंदाकिनीबाईंच्या हातात आरतीचं तबक होतं.

“मी तर सगळं पाळलं, आबा,” त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या. “तिनंच एक दिवस रेघ मोडली.”

त्या आत गेल्या. आरती केली. घटातलं धान वीतभर वाढलं होतं. त्यातला एक तुरा लेकीसाठी म्हणून त्यांनी बाजूला काढून ठेवला. मग दोन्ही हातांनी घट उतरवला आणि पाट उचलला.

पाटाखाली, अश्लेषाच्या उशीपासून हातभरसुद्धा नाही एवढ्या अंतरावर, फुटाण्यांच्या टरफलांत एक उंदीर मरून वाळला होता.