जुनंच राहू दे

सोमवारपासून मेलचं नवं व्हर्जन येणार म्हटल्यावर आवक-जावक सांभाळणाऱ्या बाई धास्तावल्याच. जुन्यातलं प्रत्येक बटण त्यांच्या बोटांना पाठ होतं. एक जरी इकडचं तिकडे झालं, तर संपलंच.

"माझं तेवढं जुनंच राहू दे रे बाबा," त्यांनी कॉम्प्युटरवाल्याकडे गयावया केली. "रिटायर व्हायला सातच महिने उरलेत, तेवढे निभावू दे."

"अहो मॅडम, एवढं काय घाबरता!" हसत हसत त्याने सेटिंग बदललं आणि मशीन बंद-चालू करायला तो टेबलाखाली वाकला. तिथूनच ओरडला, "बघा बरं, आलं का जुनं?"

बाई स्क्रीनवर झुकल्या. "आलं, आलं! अगदी पहिल्यासारखं. जिवात जीव आला बघ."

तो उठून उभा राहिला.



"मॅडम," तो हळूच म्हणाला, "स्क्रीन तर अजून बंदच आहे."